हार्ड डिस्कवरून ३०० जीबीचं फोल्डर डिलीट झालंय, परत मिळेल का? मिरज-सांगलीतल्या जाणकारांनी सांगा

तारजुळणी_मिरज
नमस्कार मंडळी, मदत पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आमच्या घरात सतार-तानपुऱ्याचं काम चालतं. थोरले चुलते, आम्ही बडे अब्बा म्हणतो, त्यांच्याच हाताखाली घरातली सगळी भावंडं तयार झाली. गेली काही वर्षं मी त्यांचं काम कॅमेऱ्यावर घेत आलोय, म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आले की ते ठोकून बघून कसे निवडतात, कापून आतून कसे साफ करतात, लाकूड कसं जोडतात, आणि सगळ्यात जास्त शूटिंग जवारीचं, म्हणजे आवाज खुलावा म्हणून घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवायची, तार चढवायची, ऐकायचं, परत उतरवायची, हे तासन् तास चालतं ते सगळं. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून तर हे नीट लावून ठेवायचंच असं ठरवलेलं. आता त्यांना कानस धरवत नाही. हे परत शूट होणार नाही.

हे सगळं २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होतं, 'जवारी' नावाचं फोल्डर, अंदाजे ३०० जीबी. भाच्याने जागा पाहिजे म्हणून ते डिलीट केलं. विंडोजने विचारलं होतं म्हणे की हे फोल्डर रिसायकल बिनमध्ये मावत नाही, कायमचं डिलीट करू का, त्याने यस दाबलं आणि नंतर त्यात थोडे सिनेमे कॉपी केले. पोरगं लहान आहे, त्याला कोणी रागावलेलं नाही, पण घरात सगळ्यांचा जीव लागून राहिलाय.

दुसरं म्हणजे डेस्कटॉपवर 'जवारी एडिट' फोल्डर होतं, त्यात कापून तयार केलेले व्हिडिओ आणि बडे अब्बांनी तोंडी सांगितलेलं मी टाइप केलेली वर्ड फाइल. तेही त्याच साफसफाईत गेलं, बिनसुद्धा रिकामा केलेला. कॉम्प्युटर विंडोज १०, आत एसएसडी. एक्स्टर्नल डिस्क मी काढून कपाटात ठेवलीय. पुढं काय करू?

कुपवाड_एमआयडीसी
भावा काळजी करू नको, मिळतंय परत. रिकुव्हा टाक, फुकट हाय, स्कॅन मार. त्याच्या आधी एकदा चेकडिस्क चालव म्हणजे डिस्कमधी काय एरर असतील तर निघून जातील.

विश्रामबाग_बिट्स
चेकडिस्क नको! कृपा करून नको. वरच्या भाऊंनी चांगल्या मनाने सांगितलंय पण चेकडिस्कचं काम डिस्कच्या नोंदी एकमेकांशी जुळवणं हे आहे, तुमची गेलेली फाइल शोधणं हे नाही. जुळवताना ते डिस्कवर लिहितं, आणि आपल्याला आत्ता त्या डिस्कवर एक बाइटसुद्धा नवीन लिहायचा नाहीये. डिस्क जोडल्यावर विंडोज स्वतःहून 'स्कॅन अँड फिक्स' विचारेल, तिथेही नको म्हणायचं.

दादा, डिस्क काढून ठेवलीत हे सगळ्यात बरं केलंत. मी सांगतो ते पूर्ण वाचल्याशिवाय जोडू नका.

डिलीट केल्यावर नक्की काय होतं ते आधी बघू म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. तुमची डिस्क बहुतेक एनटीएफएसमध्ये फॉरमॅट असेल. त्यात मास्टर फाइल टेबल नावाचं एक रजिस्टर असतं, प्रत्येक फाइलची त्यात साधारण १०२४ बाइटची नोंद, नाव, तारखा, साइज, आणि व्हिडिओचा डेटा डिस्कवर कुठून कुठपर्यंत पडलाय त्याचा पत्ता. डिलीट केलं की विंडोज त्या नोंदीवर 'आता वापरात नाही' अशी खूण करतं आणि ती जागा मोकळी म्हणून दाखवायला लागतं, बास. डेटाला हात लावत नाही. म्हणून तर ३०० जीबी कॉपी व्हायला तास लागतात आणि डिलीट लगेच होतं. सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं म्हणून जमीन जागची हलत नाही, पण त्यात दुसऱ्याने नांगर घातला की उभं पीक गेलं. तुमच्याकडे नांगर म्हणजे ते सिनेमे. ते किती जीबीचे होते?

आता एसएसडीचं, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या, चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं. तिथलं मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. विंडोज ७ पासून विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप पाठवतं, म्हणजे फाइल डिलीट झाली की 'या या जागेची आता गरज नाही' असं सांगून टाकतं. एसएसडीला नवीन लिहायच्या आधी जुने ब्लॉक पुसावे लागतात, म्हणून ती असा निरोप मिळाला की आपल्या सवडीने आतल्या आत पुसत बसते, आणि बऱ्याचशा एसएसडी तर निरोप मिळाल्यापासूनच त्या जागी नुसते शून्य दाखवतात. कॉम्प्युटर नुसता चालू असला तरी हे होत राहतं. तेव्हा हा धागा तुम्ही त्याच कॉम्प्युटरवरून लिहीत असाल तर तो बंद करा आणि मोबाइलवरून लिहा.

तारजुळणी_मिरज
मोबाइलवरूनच लिहितोय, कॉम्प्युटर आत्ता बंद केला. सिनेमे तीन होते, भाचा म्हणतो सगळे मिळून आठ-नऊ जीबी. डिस्क फिरणारीच आहे, कानाला लावली की गुरगुर ऐकू येते, खट खट वगैरे काही नाही. उद्या इथल्या एका रिपेअरवाल्याकडे नेऊ का?

हळदपेठ
रिपेअरवाल्याकडे न्यायच्या आधी माझं ऐका. मी मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब बघतो. मागे आमच्या कॉम्प्युटरवरचं टॅलीचं डेटा फोल्डर गेलं होतं, ते १०००० वगैरे आकड्यांच्या नावाचं असतं ना ते. कॉम्प्युटर दुकानात दिला, नाव घेत नाही. त्यांनी काय केलं तर विंडोज नवीन टाकून दिलं आणि वर म्हणाले आता फास्ट चालेल. ज्या ड्राइव्हवर डेटा होता त्याच्यावरच. ऐन हळदीच्या सीझनमधी सगळ्या पट्ट्या, सगळे सौदे कागदावरनं परत चढवायला लागले, पोरं रात्री जागून चढवत होती. शेवटी एका जुन्या पेन ड्राइव्हमधी टीबीके ९०० नावाची बॅकअप फाइल सापडली तिच्यावरनं अर्धं वर्ष तरी रिस्टोअर झालं.

तर दुकानात द्यायचंच असेल तर कागदावर लिहून द्या की या डिस्कवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही, डेटा दुसऱ्या डिस्कवर काढायचा. आणि त्यांची सही घ्या.

विश्रामबाग_बिट्स
हळदपेठ यांचं शंभर टक्के बरोबर. डिस्क खट खट करत असती, किंवा जोडल्यावर दिसतच नसती, तर मीच म्हणालो असतो की घरी काही करू नका, पुण्या-मुंबईच्या डेटा रिकव्हरी लॅबला द्या, कारण आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारा भाग, खराब असेल तर जितका वेळ फिरवाल तितकं प्लॅटरवर, म्हणजे डेटाच्या तबकडीवर, ओरखडे वाढतात. (फ्रीजरमध्ये ठेवायची जी युक्ती सांगतात ती तर करूच नका, आत पाणी धरतं.) पण तुमची डिस्क धडधाकट आहे, नुसतं डिलीट आहे, हे घरी होण्यासारखं आहे.

सिनेमे ८-९ जीबी म्हणजे ३०० मधलं फार थोडं गेलं असेल. ते नेमके मोकळ्या जागेत जुन्या क्लिपांच्या डोक्यावर पडले की आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेत, हे स्कॅन केल्यावर कळेल. ते सिनेमे आता डिलीट करू नका बरं का, त्याने फायदा काहीच नाही, उलट नोंदी अजून बदलतील.

मी असतो तर असं केलं असतं. ४ टीबीची नवीन डिस्क आणायची. खर्च आहे, पण पुढं बॅकअपला लागणारच आहे ती. दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स उतरवून पेन ड्राइव्हवर चढवायचं, त्यात डीडीरेस्क्यू आणि टेस्टडिस्क आधीच असतं. तुमचा कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून बूट करायचा म्हणजे विंडोज आणि एसएसडी दोन्ही झोपलेले राहतात. मग डीडीरेस्क्यूने २ टीबीच्या जुन्या डिस्कची जशीच्या तशी, मोकळ्या जागेसकट, एक मोठी इमेज फाइल नवीन डिस्कवर काढायची. विंडोजमधलं कॉपी पेस्ट इथे कामाचं नाही, ते फक्त दिसणाऱ्या फायली उचलतं आणि आपल्याला न दिसणारा भाग पाहिजे. नवीन डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असू दे, फॅट३२ वर ४ जीबीच्या वरची फाइलच बसत नाही.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, कुठली डिस्क 'वाचायची' आणि कुठली 'लिहायची'. ती उलटी झाली तर सगळं संपलं. एक २ टीबी आणि एक ४ टीबी असल्यामुळे साइजवरून ओळखायला सोपं आहे, तरी मॉडेलचं नावही टॅली करा. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावलंत तर पाच-सहा तास लागतील, यूएसबी २ ला लावलंत तर पंधराच्या वर. लाइट जायचा टाइम बघून लावा, किंवा यूपीएस मागून आणा कोणाकडून. डीडीरेस्क्यूला मॅप फाइल द्या म्हणजे मध्ये थांबलं तरी तिथूनच पुढं चालतं.

इमेज झाली की जुनी डिस्क परत कपाटात. यापुढचं सगळं इमेजवर करायचं, म्हणजे काही चुकलं तरी मूळ शाबूत.

डीटीपीवाली_सातारा
मी साताऱ्याहून, पत्रिका-अहवालांचं डीटीपी करते. विश्रामबाग यांनी डिस्कचं नीट सांगितलंय, मी वर्ड फाइलचं बोलते. दादा, तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला होता का? विंडोज सेट करताना 'तुमचे फोल्डर बॅकअप करू का' असं विचारतं आणि बरेच जण पुढे पुढे दाबत जातात, त्यामुळे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये जात असतात आणि माणसाला पत्ताच नसतो. फुकटच्या अकाउंटला ५ जीबीच मिळतात म्हणून व्हिडिओ गेले नसतील, पण वर्ड फाइल एवढीशी असते. मोबाइलच्या ब्राउझरवरून वनड्राइव्हच्या साइटवर लॉगिन करा आणि तिथला रिसायकल बिन उघडा. तो तुमच्या कॉम्प्युटरवरच्या बिनपेक्षा वेगळा असतो. कॉम्प्युटरवरचा रिकामा केला तरी तिथे पर्सनल अकाउंटला फाइल ३० दिवस राहते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशलाही ३० दिवसच आहेत. आजच बघा, उद्यावर टाकू नका.

तारजुळणी_मिरज
ताई!! सापडली. वनड्राइव्हच्या बिनमध्ये वर्ड फाइल होती, रिस्टोअर केली, मोबाइलवर उघडून शेवटचं पान बघितलं, सगळं आहे. बडे अब्बांना वाचून दाखवलं दोन पानं. तुमचे उपकार कसे फेडू.

व्हिडिओ मात्र तिथे नाहीत, तुम्ही म्हणालात तसंच.

लग्नसराई_इस्लामपूर
तारजुळणीभाई, कॅमेऱ्यातली जुनी कार्डं कुठायत? मी लग्नं शूट करतो, माझा अनुभव सांगतो. कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं तरी बहुतेक कॅमेरे फक्त वरची यादी नवीन करतात, खालचा डेटा पुढचं शूटिंग त्याच्यावर बसेपर्यंत तसाच राहतो. म्हणजे एखादं कार्ड बरेच दिवस ड्रॉवरमधी पडून असेल तर त्याच्यावर जुन्या क्लिपा अजून असू शकतात. फोटोरेक लावा त्याच्यावर. कार्डाला बाजूला छोटं लॉकचं बटण असतं ते लॉक करून मगच रीडरमधी घाला.

फोटोरेक नावं बघत नाही, फाइलची सुरुवात कशी असते ते ओळखून उचलतं, जेपेग असेल तर एफएफ डी८ ने सुरू होतं तसं. त्यामुळे नावं, फोल्डर, काही मिळत नाही, नुसते नंबर मिळतात, पण यादी फॉरमॅटमधी पार गेली असेल तर तोच एक मार्ग. आणि ३२ जीबीपर्यंतच्या साध्या कार्डावर फॅट३२ असल्यामुळं लांबलचक क्लिप कॅमेरा ४-४ जीबीचे तुकडे करून ठेवतो, ते मागाहून जोडायचे.

विश्रामबाग_बिट्स
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, फार चांगलं सुचवलंत. कार्डाची पण आधी इमेज, मग त्या इमेजवर फोटोरेक.

गावभाग_सांगली
विषय निघालाच आहे तर विचारतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं, पहिल्या मजल्यापर्यंत. कॉम्प्युटर खालीच राहिला. पाणी उतरल्यावर भावाने हार्ड डिस्क काढून चार दिवस उन्हात वाळवली आणि लावली, जळका वास आला आणि बंद झाली. ती अजून ठेवलीय. त्यात काही असेल का? आणि परत पूर आला तर काय करायचं असतं?

विश्रामबाग_बिट्स
गावभाग, वास आला म्हणजे खालचं हिरवं सर्किट बोर्ड गेलं असेल. डेटा बोर्डावर नसतो, आतल्या प्लॅटरवर असतो, त्यामुळे पूर्ण आशा सोडायचं कारण नाही, पण हे लॅबचंच काम आहे. त्याच मॉडेलचं दुसरं बोर्ड बदलून लावलं की चालते असं नेटवर वाचाल, तर नुसतं बदलून बहुतेक वेळा चालत नाही, कारण त्या त्या डिस्कची खास माहिती बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असते, ती नवीन बोर्डावर हलवायला लागते. परत करंट देऊ नका तिला.

पूर आला तर. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्का सोडून), त्यातून गढूळ पाणी आत जातं. वाळवली की पाणी उडतं आणि गाळ, क्षार प्लॅटरवर चिकटून बसतात, आणि हेड प्लॅटरपासून इतक्या कमी अंतरावर चालतं की तेवढा थरसुद्धा त्याला फार होतो. म्हणून लॅबवाले सांगतात की वाळवू नका, चालू करू नका, ओलसर फडक्यात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि तशीच आमच्याकडे आणा. आपल्याकडे सगळे उलटं करतात, आधी ऊन दाखवतात. २०१९ ला हरभट रोड, मारुती रोड, गावभाग, किती दुकानांचं असं गेलं असेल.

पण खरं तर पाण्याची बातमी आदल्या दिवशी कळतेच, आयर्विन पुलाची पातळी सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असते. तेव्हा धान्याच्या पोत्यांबरोबर डिस्कसुद्धा वरती न्यायची.

कुपवाड_एमआयडीसी
विश्रामबाग सर, चेकडिस्कचं मला नव्हतं म्हाइत, बरं झालं सांगितलं. एक इचारू का, पेन ड्राइव्हमधनं डिलीट झालं तर ते बिनमधी का जात नाय? आमच्या कंपनीत सारखं होतंय, पोरं ड्रॉइंग उडवत्यात.

डीटीपीवाली_सातारा
पेन ड्राइव्ह विंडोजच्या दृष्टीने काढता येणारी वस्तू, तिच्यावर विंडोज बिन ठेवतच नाही, थेट डिलीट. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर मात्र बिन असतो, लपवलेल्या फोल्डरमध्ये, प्रत्येक ड्राइव्हचा वेगळा. फक्त त्याची साइज ठरलेली असते, तारजुळणीदादांचं फोल्डर त्याच्यात मावलं नाही. नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमधून उडवलं तरी बिनमध्ये जात नाही, ते कंपनीत लक्षात ठेवा.

आणि तुमच्याकडे ड्रॉइंग खरंच डिलीट झालेत का तेही आधी बघा. माझ्याकडे गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात, ताई सगळं गेलं म्हणून, उघडावा तर एक शॉर्टकट दिसतो बाकी काही नाही, पण ड्राइव्ह भरलेला दाखवतो. तो शॉर्टकटवाला व्हायरस असतो, तो फायलींवर हिडन आणि सिस्टिम असे दोन्ही शिक्के मारून लपवून ठेवतो. कमांड प्रॉम्प्टमधून अ‍ॅट्रिब कमांडने ते शिक्के काढले की सगळं जिथल्या तिथे दिसतं. शॉर्टकटवर डबल क्लिक मात्र करायची नाही, व्हायरस तिथूनच चालू होतो. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावायच्या आधी किती जागा भरलेली दिसते ते बघायची सवय ठेवा, पुष्कळ वेळा तिथेच उत्तर असतं.

तारजुळणी_मिरज
मंडळी, अपडेट देतो.

४ टीबीची डिस्क आणली. सिस्टमरेस्क्यू मित्राच्या कॉम्प्युटरवर तयार केलं, डीडीरेस्क्यूची कमांड विश्रामबाग सरांनी व्यक्तिगत निरोपात लिहून दिली होती तीच अक्षर न् अक्षर मारली, साइज आणि मॉडेल दोन-दोनदा तपासून. संध्याकाळी लावलं ते पहाटे संपलं, एकही एरर नाही. मग मित्राच्या लॅपटॉपवर डीएमडीई नावाचं सॉफ्टवेअर घेऊन इमेज उघडली. फुकटच्या व्हर्जनमध्ये एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० पर्यंत फायली काढता येतात, आपल्याला तेवढं पुष्कळ झालं.

आणि अख्खं झाड दिसलं! जवारी, त्याच्या आत भोपळे, दांडी, रंगकाम, तानपुरा, सगळी फोल्डरं मराठी नावांसकट. घरात सगळे गोळा झाले बघायला.

काढून बघितलं तर जवळपास सगळ्या क्लिपा चालतात. तानपुऱ्याच्या जवारीच्या काही क्लिपा बिघडल्यात, दोन उघडतच नाहीत, काहींमध्ये मध्येच चित्र फुटतं. तारखा बघता त्या शेवटी कॉपी केलेल्या होत्या. त्यांचं काही करता येईल का?

एसएसडीवर पण मित्राने स्कॅन करून बघितलं, पेन ड्राइव्हवरूनच बूट करून. एडिट केलेल्या व्हिडिओंची नावं दिसली, साइजही बरोबर दिसली, काढल्यावर एकही चालत नाही.

विश्रामबाग_बिट्स
वा! फार फार आनंद झाला. नावं मराठीत आली कारण एनटीएफएस नावं युनिकोडमध्ये ठेवतं. हेच फोटोरेकने केलं असतं तर हजारो नंबरच्या फायली चाळत बसावं लागलं असतं, म्हणून नोंदी शाबूत असतील तोवर आधी नोंदींवरून काढायचं आणि ते जमलं नाही तरच फोटोरेक.

एसएसडीचं तेच झालं ज्याची भीती होती. नोंद राहते, डेटा ट्रिममध्ये गेलेला असतो, आत सगळे शून्य. अशा वेळी रिकुव्हासारखं सॉफ्टवेअर फाइलची अवस्था 'उत्तम' दाखवतं, कारण ते फक्त एवढंच बघतं की त्या जागेवर दुसरी फाइल बसलीय का. हेक्समध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघा, शून्याशिवाय काही दिसणार नाही. त्याच्यामागे आता वेळ घालवू नका, मूळ क्लिपा मिळाल्यात, एडिट परत होईल.

बिघडलेल्या क्लिपांचं. एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची यादी एका वेगळ्या भागात असते आणि कॅमेरे तो भाग बहुतेक शूटिंग संपताना, म्हणजे फाइलच्या शेवटी लिहितात. शेवटावर सिनेमा बसला असेल तर बाकी सगळं व्हिडिओ शाबूत असून प्लेअर उघडतच नाही. त्या दोन क्लिपा अशा असू शकतात. अनट्रंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याची त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली की ते यादी नव्याने बांधायचा प्रयत्न करतं. कॉपीवर करा. ज्यांच्यात मध्ये चित्र फुटतं तिथला डेटा गेलाच, पण आधीचं आणि नंतरचं कापून ठेवता येईल, आवाज पण बघा, जवारीत आवाजच महत्त्वाचा ना.

लग्नसराई_इस्लामपूर
आणि कार्डं? कार्डं बघितली का?

तारजुळणी_मिरज
बघितली. तीन कार्डं होती, दोन सारखी वापरात असल्यामुळं त्यात नुसती अलीकडची लग्नंकार्यं निघाली. तिसरं जुनं, कॅमेऱ्याच्या पिशवीच्या खिशात पडलेलं, त्यात फोटोरेकला तानपुऱ्याची जवारी मिळाली, ज्या दोन क्लिपा उघडत नव्हत्या त्यातली एक पूर्ण! दुसरीला अनट्रंक लावलं, शेवटची काही मिनिटं सोडून चालू झाली. आवाज स्वच्छ आहे. तुम्ही पिशवी आठवून दिलीत भाऊ, नाहीतर मी कार्डं बघितलीच नसती.

निवृत्त_सातारकर
मी पोस्टातून रिटायर झालोय, हा धागा पहिल्यापासून वाचतोय. माझा प्रश्न उलटा आहे. जुना कॉम्प्युटर विकायचाय, त्यात बँकेचे, पेन्शनचे, मुलीच्या लग्नाच्या वेळचे सगळे कागद स्कॅन केलेले आहेत. तुमचं वाचून घाबरलो, म्हणजे मी डिलीट केलं तरी घेणारा काढू शकतो की काय?

विश्रामबाग_बिट्स
काका, काढू शकतो. क्विक फॉरमॅट मारला तरी काढू शकतो, कारण त्यात फक्त नोंदीचं रजिस्टर नवीन होतं. फिरणारी डिस्क असेल तर 'क्विक' वरची टिक काढून पूर्ण फॉरमॅट करा, विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो. ३५ वेळा पुसावं लागतं असं ऐकाल, ते गुटमन यांच्या १९९६ च्या पेपरवरून आलेलं आहे आणि त्या वेळच्या जुन्या डिस्कांसाठी होतं, आताच्या डिस्कला एकदा नीट पुसलं की पुरे. फक्त ज्या ड्राइव्हवर विंडोज आहे तो विंडोज चालू असताना फॉरमॅट होत नाही, तिथे सेटिंग्जमधून 'रिसेट धिस पीसी' घ्या, 'सगळं काढून टाका' निवडा, आणि पुढे 'ड्राइव्ह क्लीन करा' हे ऑप्शन चालू करा, ते बंद असतं सुरुवातीला. वेळ लागतो, लागू द्या.

एसएसडी असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर इरेज असतं ते वापरा. आणि काका, त्याआधी ते कागद दुसरीकडे कॉपी करून, उघडून बघून मगच पुसा.

हळदपेठ
तारजुळणीभाऊ, आता पुढची व्यवस्था काय केली? आमच्याकडं त्या प्रकारानंतर रोज संध्याकाळी दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर आणि शनिवारी एक कॉपी घरी.

तारजुळणी_मिरज
४ टीबीची डिस्क एक कॉपी, जुनी २ टीबीची दुसरी. तिसरी तासगावला बहिणीकडे ठेवावी म्हणतो, नदीपासून लांब आहे. सर, तासगावची डिस्क नुसती कपाटात ठेवली तर चालेल ना?

विश्रामबाग_बिट्स
चालेल, पण सहा महिन्यांनी एकदा आणा, जोडा, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'गुड' दाखवतंय का बघा, आणि दोन-चार क्लिपा खरोखर चालवून बघा. तिसरी घेताना एसएसडी घेऊ नका, करंट न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला फिरणारी डिस्कच घ्या. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने ३-२-१ म्हणून जे सांगितलंय, तीन कॉप्या, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, त्यातलं घराबाहेरचं तुम्ही तासगावला करताय, दुसऱ्या प्रकारासाठी निदान जवारीच्या क्लिपा क्लाउडवर टाका. घरातल्या डिस्का काम झालं की काढून ठेवा, जोडलेल्या राहिल्या तर रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, आलं की बॅकअपही लॉक करतं. आणि जुनी २ टीबी आत्ताच रिकामी करू नका, त्या फुटलेल्या क्लिपांवर पुढं कोणी चांगला माणूस भेटला तर मूळ हातात असलेलं बरं.

डीटीपीवाली_सातारा
दादा, ती वर्ड फाइल युनिकोडमध्ये आहे की श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात? युनिकोडमध्ये असेल तर मला पाठवा, मी शुद्धलेखन बघून नीट पानं लावून देते. पैसे नकोत.

तारजुळणी_मिरज
युनिकोडमध्येच आहे ताई, मोबाइलवर टाइप केलेली. घोडी, पत्ती, लंगोट असे आमच्या कामातले शब्द बरेच आहेत, ते चूक समजून बदलू नका फक्त. आज रात्री पाठवतो.